फाटका मोजा आणि अर्धा खण

‘द मॅरेज सर्कल’ हा मूकपट फेब्रुवारी १९२४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच, निर्माती कंपनी वॉर्नर ब्रदर्स, लांबी साधारण दीड तास. संसाराला विटलेले एक जोडपे, संसारात रमलेले दुसरे जोडपे आणि मित्राच्या बायकोवर मनातून भाळलेला एक अविवाहित डॉक्टर, एवढ्या पाच माणसांवर सगळा डोलारा उभा आहे. प्रेमाच्या विनोदी गोष्टी बहुतेक लग्नाच्या मांडवापाशी येऊन संपतात. ही गोष्ट मांडव उतरून पुष्कळ काळ लोटल्यावर, एका सकाळी कपडे घालायच्या वेळेला सुरू होते.

स्थळ व्हिएन्ना. प्राध्यापक योझेफ स्टॉक बाहेर पडायच्या तयारीत आहेत. पडद्यावर जवळून दिसतो तो त्यांचा पाय. मोज्याला भोक पडले आहे आणि त्यातून अंगठा बाहेर आला आहे. प्राध्यापक कपाटापाशी जाऊन एक खण उघडतात. तो बायकोचा निघतो, मोज्यांच्या घड्यांनी गच्च भरलेला. मग स्वतःच्या वाट्याचा खण उघडतात, तर आत शर्टाच्या थोड्याशा कॉलर पडलेल्या, बाकी सगळा रिकामा. आदळआपट नाही, रडारड नाही, कोण कोणावर का चिडले आहे हे समजावणारी पाटी नाही. या घरात कोणाचे फाटके कोण शिवते, जागेची वाटणी कशी झाली आहे आणि ती होऊन किती दिवस लोटले असावेत, हे सगळे त्या भोकातून आणि त्या दोन खणांतून प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

कंटाळा पडद्यावर दाखवणे फार अवघड. राग आला की माणूस भांडे फेकतो, मत्सर वाटला की पाठलाग करतो. कंटाळलेला माणूस काहीच करत नाही. कादंबरीकाराला हा काहीच न घडण्याचा काळ दहा पाने वर्णन करून सांगता येतो. नाटकातले पात्र उसासा टाकून बोलून मोकळे होते. मूकपटाला या दोन्ही सोयी नव्हत्या. संवादासाठी मजकुराच्या पाट्या असत, पण दर पाटीला चित्र थांबते, वाचणारा वाचतो, न वाचणारा शेजाऱ्याला विचारतो, आणि तेवढ्यात विनोदाची वेळ टळून जाते. त्यामुळे वैवाहिक कंटाळ्याची विनोदी गोष्ट सांगू पाहणाऱ्या दिग्दर्शकांनी तो कंटाळा घरातल्या वस्तूंवर सोपवला. ही युक्ती एका माणसाने एका दिवसात शोधली नाही. ‘द मॅरेज सर्कल’पर्यंत पोचायला तिला सहा-सात वर्षे लागली.

सुरुवात अमेरिकेत सेसिल बी. डिमिल यांनी केली. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी ‘ओल्ड वाइव्हज फॉर न्यू’, ‘डोन्ट चेंज युअर हजबंड’ आणि ‘व्हाय चेंज युअर वाइफ?’ असे तीन चित्रपट काढले. पुढे बायबलमधल्या भव्य कथांसाठी प्रसिद्ध झालेला हा दिग्दर्शक तेव्हा मध्यमवयीन नवराबायकोच्या न्हाणीघरात डोकावत होता. ‘डोन्ट चेंज युअर हजबंड’मधला नवरा सरसाच्या धंद्यात श्रीमंत झालेला. तो कांदे खातो, सिगारची राख कुठेही झाडतो, लग्नाचा वाढदिवस विसरतो. ग्लोरिया स्वॉन्सनने केलेली बायको त्याला सोडून एका नटव्या गृहस्थाशी लग्न करते, तो पहिल्यापेक्षाही वाईट निघतो, आणि तोवर पहिल्या नवऱ्याने व्यायाम करून, मिशी काढून स्वतःला सुधारलेले असते. ‘व्हाय चेंज युअर वाइफ?’मध्ये दोष बायकोकडे दिला आहे. ती चष्मा लावून शहाणपणाची पुस्तके वाचते, आणि नवरा दाढी करत असताना या ना त्या कारणाने त्याला पुन्हा पुन्हा आरशासमोरून बाजूला करते. घटस्फोटानंतर नवरा दुसरे लग्न करतो, आणि दाढीचा तोच प्रसंग दुसऱ्या बायकोबरोबर पुन्हा घडतो.

हा दाढीचा प्रसंग या तिन्ही चित्रपटांतला सर्वांत खरा भाग आहे. बायको बदलली तरी आरसा एकच आहे, हे डिमिलना दिसले होते. पण त्यांचा स्वभाव उपदेशकाचा. प्रसंग बोलत असतानाच ते पाटी लावून त्याचा अर्थ सांगतात, आणि उपाय म्हणून बायकोला उंची शिंप्याकडे धाडतात. पाठ उघडी टाकणारा झगा घातला की नवरा परत येतो, असा त्यांचा हिशेब. प्रेक्षकांनी, विशेषतः बायकांनी, हे चित्रपट उचलून धरले ते पुष्कळसे कपडे आणि अंतर्गृहांची सजावट पाहण्यासाठी.

त्याच सुमारास, १९२० साली, स्वीडनमध्ये मॉरित्झ स्टिलर यांनी ‘एरोटिकॉन’ केला. त्यातला नवरा कीटकशास्त्राचा प्राध्यापक. भुंगेरे किती माद्यांशी संसार करतात यावर तो व्याख्यान देतो, आणि स्वतःच्या घरात काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो. बायको एका शिल्पकारावर अनुरक्त आहे आणि एका विमानबाज उमरावालाही खेळवते आहे. अखेरीस ती शिल्पकाराकडे जाते, आणि प्राध्यापकमहाशय घरात राहणाऱ्या, त्यांच्या आवडीचे जेवण रांधणाऱ्या पुतणीच्या सहवासात तृप्त राहतात. कोणाला शिक्षा नाही, कोणाला पश्चात्ताप नाही. दोन कंटाळलेली माणसे वेगळी झाली आणि दोघांचेही भले झाले, असे शांतपणे सांगणारा चित्रपट त्या काळात विरळा होता.

तिसरा धागा चार्ली चॅप्लिन यांचा. १९२३ सालच्या ‘अ वुमन ऑफ पॅरिस’मध्ये ते स्वतः नायक नव्हते, दिग्दर्शक होते. त्यात एका तरुणीचा जुना प्रियकर तिच्या घरी आला असताना खण उघडला जातो आणि आतून पुरुषाची कॉलर खाली पडते. ती कोणाच्या आश्रयाने राहते आहे हे त्याला कळते. यातल्या श्रीमंत, सुखासीन आश्रयदात्याची भूमिका अडॉल्फ मेंजू यांनी केली होती. हॉलिवूडमध्ये नव्याने आलेल्या लुबिच यांना हा चित्रपट अतिशय आवडला, आणि काही महिन्यांतच मेंजू लुबिचच्या चित्रपटात प्राध्यापक स्टॉक म्हणून, फाटका मोजा घालून, वेगळाच खण उघडू लागले.

एर्न्स्ट लुबिच यांचा जन्म बर्लिनमधल्या ज्यू शिंप्याच्या घरी २९ जानेवारी १८९२ रोजी झाला. १९११ मध्ये ते माक्स राइनहार्ट यांच्या नाटकमंडळीत किरकोळ भूमिका करू लागले, पुढे लहान विनोदी मूकपटांत अभिनय, मग दिग्दर्शन. त्यांचे नाव जगभर झाले ते मात्र ‘मादाम द्युबारी’सारख्या ऐतिहासिक, गर्दीच्या चित्रपटांमुळे. त्याच कीर्तीवर अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांनी त्यांना १९२२ च्या अखेरीस अमेरिकेत आणले. दोघांचा ‘रोझिटा’ १९२३ मध्ये आला, पण सूर जुळले नाहीत. हा माणूस नटांपेक्षा दारांचेच दिग्दर्शन करतो, अशी पिकफर्ड यांची तक्रार सांगितली जाते. तक्रार म्हणून केलेले ते वर्णन नेमके आहे. लुबिचच्या चित्रपटात दार हे एक पात्रच असते. ते कोण उघडतो, कोण लावून घेतो आणि बंद दाराबाहेर कोण उभा राहतो, यांवर पुढचा सगळा घोळ ठरतो.

वॉर्नर ब्रदर्स ही तेव्हा धडपडणारी कंपनी होती. १९२३ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली आणि तिचा सर्वांत भरवशाचा नट म्हणजे रिन टिन टिन नावाचा कुत्रा. कंपनीला प्रतिष्ठा हवी होती, लुबिचना मनासारखे काम करण्याची मोकळीक. लोथार श्मिट यांच्या ‘फक्त एक स्वप्न’ या अर्थाच्या नावाच्या जर्मन नाटकावरून पॉल बर्न यांनी पटकथा लिहिली, चार्ल्स व्हॅन एंगर यांनी छायाचित्रण केले. ऐतिहासिक गर्दीतून बाहेर पडून लुबिच चार खोल्या, एक बाग आणि एक भाड्याची मोटार एवढ्यावर आले.

कथा अशी. प्राध्यापकांची बायको मिझी मैत्रिणीला, शार्लटला, भेटायला निघते. वाटेत मोटारीत तिची एका देखण्या परक्या पुरुषाशी गाठ पडते. वर खिडकीतून प्राध्यापक हे पाहतात. इथे कोणताही नवरा संतापला असता. मेंजूंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू समाधान पसरते. बायकोचे बाहेर काही असेल तर तिच्यापासून सुटका होईल, हा विचार पाटीवर लिहिलेला नाही. तो एका स्मिताच्या रुंदीत आहे. वैवाहिक कंटाळ्याची याहून नेमकी खूण दुसरी नसेल. प्रेम संपल्यावर मत्सरही संपतो, आणि ज्या बातमीने काळजात धस्स व्हायचे तीच आनंदाची बातमी होऊन बसते.

मोटारीतला तो पुरुष शार्लटचाच नवरा निघतो, डॉक्टर फ्रान्झ ब्राऊन. शार्लट आणि फ्रान्झ यांचा संसार गोडीचा आहे, आणि तो गोड आहे हे दाखवण्याची लुबिचची रीत मोज्याच्या प्रसंगाइतकीच काटकसरीची. न्याहारीचे टेबल. पडद्यावर एक उकडलेले अंडे आणि कॉफीचा एक कप, एवढेच. पुरुषाचा हात चमच्याने अंड्यावर टकटक करतो, बाईचा हात कॉफी ढवळतो. मग ढवळणे मंदावते, टकटक थांबते. दोन्ही हात चित्रातून नाहीसे होतात. अंडे आणि कप तसेच उरतात. थोड्या वेळाने एक हात येतो आणि ती न्याहारी आड येत असल्यासारखी बाजूला सरकवतो. चुंबन दिसत नाही, माणसेही दिसत नाहीत. थंड होणाऱ्या कॉफीवरून प्रेक्षक ओळखतो.

हे दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवले की चित्रपटाची सगळी रचना उलगडते. एका घरात वस्तू दोघांत विभागल्या गेल्या आहेत, दुसऱ्या घरात त्या विसरल्या जातात. मिझी पहिल्या घरातून दुसऱ्या घरात शिरते आणि फ्रान्झवर नजर ठेवते, यात प्रेमापेक्षा रिकामपणाचा भाग मोठा आहे. तिला फ्रान्झ हवा आहे तो तिच्या घरात काही घडत नाही म्हणून.

पुढचा गुंता दारांचा आणि चिठ्ठ्यांचा. मिझी दवाखान्यात जाऊन फ्रान्झच्या गळ्यात हात टाकते. त्याचा सहकारी डॉक्टर म्युलर दार उघडतो, बाईचा चेहरा त्याला दिसत नाही. नवराबायकोचा एकांत समजून तो संकोचाने दार लावून घेतो, आणि बाहेर येऊन पाहतो तर शार्लट प्रतीक्षागृहात बसलेली. म्युलर शार्लटवर लुब्ध आहे. मित्र बायकोला फसवतो आहे हे पाहून त्याला वाईट वाटायला हवे, पण त्याचा चेहरा उजळतो. प्राध्यापकाच्या खिडकीतल्या स्मिताचे हे दुसरे रूप. या चित्रपटात दुसऱ्याच्या विश्वासघाताने दोन माणसे सुखावतात, आणि दोघांचीही कारणे माणूस म्हणून समजण्यासारखी आहेत.

मेजवानीचा प्रसंग तर यंत्रासारखा चालतो. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक जागी पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी ठेवलेली. आपली खुर्ची मिझीशेजारी आहे हे पाहून घाबरलेला फ्रान्झ गुपचूप चिठ्ठी बदलतो, आणि त्याची जागा दुसऱ्या एका तरुणीशेजारी जाते. शार्लटला हा बदल दिसतो. नवऱ्याची नजर त्या तरुणीवर आहे असे तिला वाटते, आणि त्याला वाचवण्यासाठी ती चिठ्ठी पुन्हा जिवलग मैत्रिणीशेजारी, म्हणजे मिझीशेजारी, आणून ठेवते. शिवाय नवऱ्यावर लक्ष ठेवायची विनंतीही मिझीलाच करते. सज्जन नवऱ्याचा सज्जन बेत सज्जन बायकोने उधळला, आणि हे सगळे पुठ्ठ्याच्या एका तुकड्याच्या हालचालीतून. मराठी प्रेक्षकाला इथे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधली तसबीर आठवते, तिथेही हातोहात फिरणाऱ्या एका वस्तूने नवराबायकोंच्या मनात घोळ माजतो. फरक एवढाच की फाल्गुनराव आणि कृत्तिका आपला संशय तोंडभर बोलून दाखवतात, गाणीही त्याच संशयावर चढतात. लुबिचच्या मेजवानीत संशय बोलला जात नाही, चिठ्ठी ठेवणाऱ्या बोटांत तो दिसतो.

शेवटी प्राध्यापकांनी नेमलेल्या गुप्तहेराचा पुरावा घेऊन मिझीला घराबाहेर काढले जाते, फ्रान्झ तिच्या घरी जाऊन अडचणीत येतो, आणि शार्लटला सर्व कळते. पण मधल्या काळात तिच्याकडूनही एक घटना घडलेली असते. म्युलरला नवरा समजून ती त्याच्या मिठीत गेली होती. समेटाच्या वेळी ती हे फ्रान्झला प्रामाणिकपणे सांगते. फ्रान्झ हसतो. आपली बायको असे काही करणे त्याला शक्यच वाटत नाही. हे हसणे जितके प्रेमाचे, तितकेच अपमानाचे. स्वतः संशयाच्या भोवऱ्यातून जेमतेम बाहेर आलेला नवरा बायकोला मोहात पडण्याइतकीही मोकळीक द्यायला तयार नाही. पुढे मिझी आणि म्युलर एकत्र येतात आणि वर्तुळ नव्याने फिरू लागते.

कथा व्हिएन्नात ठेवण्यामागे व्यवहार होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये चित्रपटाला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले होते, अनेक राज्यांची स्वतःची परीक्षण मंडळे होती, आणि हॉलिवूडमधल्या प्रकरणांनी उठलेले वादळ शमवण्यासाठी १९२२ पासून विल हेज यांना निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख नेमले होते. अमेरिकी बायकोने परपुरुषावर डोळा ठेवला तर ओरड होई. युरोपातल्या बायकोने तसे केले तर प्रेक्षक तिकडे असेच असते म्हणून सोडून देत. गंमत अशी की प्रत्यक्ष ऑस्ट्रियात कॅथलिक दांपत्याला १९३८ पर्यंत पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट मिळतच नसे; वेगळे राहण्याची परवानगी तेवढी मिळे. गुप्तहेराकरवी व्यभिचाराचा पुरावा जमवणारा प्राध्यापक खरा न्यूयॉर्कचा. त्या राज्यात तेव्हा घटस्फोटाला व्यभिचार हेच कारण चाले, आणि हा कायदा १९६० च्या दशकापर्यंत टिकला. व्हिएन्नाच्या रस्त्यांवर अमेरिकी कायद्याची अडचण फिरत होती, आणि पडद्यासमोर बसलेल्यांना ती आपली वाटत होती.

अभिनयाची रीतही बदलली. मूकपट म्हणजे डोळे फिरवणे आणि छाती बडवणे, हा समज लुबिचच्या नटांकडे पाहून टिकत नाही. लुबिच प्रत्येक भूमिका आधी स्वतः करून दाखवत आणि मग नटाकडून त्याच्या अर्धी हालचाल मागत. मेरी प्रेव्होस्ट ही मॅक सेनेटच्या विनोदी लघुपटांत पोहण्याचा पोशाख घालून मिरवणाऱ्या मुलींपैकी एक. तिची मिझी मात्र भुवईच्या हालचालीवर चालते. मॉन्टी ब्लू यांचे धिप्पाड, संथ शरीर संकोचाने अवघडते तेव्हा फ्रान्झची सगळी भिडस्त सज्जनता दिसते. फ्लॉरेन्स व्हिडोर यांची शार्लट इतकी शांत आहे की तिच्या डोळ्यांत शंका आली की ती ठळक होते.

दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, लुबिच यांनी हाच विषय अधिक मोकाट केला. ‘सो धिस इज पॅरिस’मध्ये डॉक्टर जिरोची बायको सुझान अरबी शेखांच्या प्रेमकादंबऱ्या वाचण्यात बुडालेली. समोरच्या घराच्या खिडकीत तिला फेटा बांधलेला, उघड्या छातीचा पुरुष दिसतो. कादंबरीच समोर अवतरावी तसे. तो खरा एक नर्तक, बायकोबरोबर तालीम करतो आहे, आणि त्या घरातही संसार तितकाच शिळा झालेला. सुझान नवऱ्याला जाब विचारायला पाठवते. तो हातात काठी घेऊन तावातावाने जातो, तिथे त्याची जुनी मैत्रीण भेटते, आणि काठी तिथेच राहते. नर्तक ती परत द्यायला येतो आणि सुझानशी गोडीगुलाबीने बोलू लागतो. दोन कंटाळलेल्या घरांमध्ये ही काठी मध्यस्थ होऊन फिरते. चित्रपटाच्या उत्तरार्धात कलावंतांच्या मेजवानीतले चार्ल्सटन नृत्य आहे. पाय, वाद्ये, चेहरे एकावर एक चढत जातात आणि आवाज नसतानाही गलका ऐकू आल्याचा भास होतो.

हा विषय मुंबईतही पोचला. चंदुलाल शाह यांनी १९२७ मध्ये कोहिनूर फिल्म कंपनीसाठी ‘गुणसुंदरी’ केला. नायिका गोहर, आणि चित्रपटाचे इंग्रजी नाव ‘व्हाय हजबंड्स गो अस्ट्रे’. डिमिलच्या शीर्षकांशी त्याचे नाते उघड आहे. पौराणिक आणि साहसी चित्रपटांच्या बाजारात ही समकालीन घरातली गोष्ट होती. गुणसुंदरी दिवसभर घरकामात आणि सासरच्यांच्या सेवेत बुडालेली. संध्याकाळी नवरा धंद्यातून दमून येतो, त्याला दोन घटका बोलायला कोणी हवे असते, आणि तिच्याकडे घरातल्या कटकटींशिवाय बोलायला काही उरलेले नसते. तो एका नर्तकीकडे जाऊ लागतो. मग गुणसुंदरीही घराबाहेर पडू लागते, आणि कुठे जातेस हा प्रश्न विचारण्याची पाळी नवऱ्यावर येते. यात हसू कमी आणि बोध जास्त होता, पण पतिव्रतेचे सगळे गुण अंगी असूनही संसार रटाळ होऊ शकतो हे मान्य करणे १९२७ साली लहान गोष्ट नव्हती.

हॉलिवूडची नायिका घटस्फोट घेऊन, नवे कपडे शिवून, जुन्या नवऱ्याला पुन्हा जिंकू शकत होती. गुणसुंदरीला ती वाट नव्हती. काडीमोड आणि फारकतीच्या रूढी अनेक जातींत होत्या, पण पांढरपेशा उच्चवर्णीय हिंदू घरातल्या बाईला कायद्याने लग्न मोडता येत नसे. नवरा मात्र दुसरी करू शके. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये केला. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि घटस्फोटाचा १९४७ मध्ये झाला, देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला. त्यामुळे मुंबईच्या पटकथाकाराला वैतागलेल्या जोडप्याचा प्रश्न त्याच उंबरठ्याच्या आत सोडवावा लागला. गुणसुंदरीचे बाहेर पडणे म्हणूनच डिमिलच्या नायिकेच्या उघड्या पाठीच्या झग्यापेक्षा अधिक धीट वाटते. चंदुलाल शाह आणि गोहर यांनी १९२९ मध्ये रणजित फिल्म कंपनी स्थापन केली, आणि बोलपटाच्या काळात, १९३४ मध्ये, गोहरलाच घेऊन ‘गुणसुंदरी’ पुन्हा काढला.

लुबिच यांनीही आपला मूकपट बोलपटात पुन्हा केला. ‘वन अवर विथ यू’ १९३२ मध्ये आला. जॉर्ज कुकर यांनी सुरू केलेले चित्रीकरण लुबिचनी हाती घेतले. कथा पॅरिसमध्ये नेली. मोरिस शेव्हालिए आणि जीनेट मॅकडोनल्ड ही जोडी गाते. शेव्हालिए मध्येच प्रेक्षकाकडे वळून, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, अशा अर्थाचे विचारतो. हा चित्रपट गोड आहे, खट्याळ आहे, पण १९२४ च्या चित्रपटात प्रेक्षकाने स्वतः ओळखायची गोष्ट इथे त्याला बोलून विचारली जाते. दोन वर्षांनी, १९३४ पासून, हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली आणि विवाहबाह्य भानगडीकडे हसून पाहणारे चित्रपट जवळजवळ बंद पडले. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरून परत फिरणाऱ्या जोडप्यांच्या पुढच्या विनोदी चित्रपटांनी, १९३७ च्या ‘द ऑफुल ट्रूथ’सारख्यांनी, लुबिचची वस्तूंची भाषा मात्र सोडली नाही. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या कार्यालयात, हे लुबिचने कसे केले असते, असा प्रश्न विचारणारी पाटी लावलेली असे. लुबिच यांना मार्च १९४७ मध्ये सन्माननीय ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला.

मूकपट ज्या नायट्रेट फिल्मवर निघत ती सहज पेट घेते आणि न जळता राहिली तरी काळाने गळून जाते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या पाहणीनुसार तिथले १९१२ ते १९२९ मधले जेमतेम १४ टक्के मोठे मूकपट मूळ स्वरूपात उरले आहेत. ‘द मॅरेज सर्कल’ आणि ‘सो धिस इज पॅरिस’ त्यांत आहेत. या दोहोंच्या मध्ये, १९२५ साली, लुबिच यांनी मॉन्टी ब्लू आणि मेरी प्रेव्होस्ट यांनाच घेऊन कंटाळलेल्या दांपत्यावर केलेला ‘किस मी अगेन’ त्यांत नाही. भारतात स्थिती याहून बिकट. तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आणि अन्यत्र जे सापडतात ते बोटांवर मोजण्याइतके, त्यांतलेही पुष्कळ तुकड्यांत. गोहरची १९२७ ची गुणसुंदरी त्या तुकड्यांतही नाही. संध्याकाळी ती पहिल्यांदा घराबाहेर पडली तेव्हा मागे उरलेल्या नवऱ्याचा चेहरा कसा दिसला, हे आता कथासार वाचूनच कल्पावे लागते.